आम्ही, आपण आणि आवा

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही' म्हटले की ज्याच्याशी बोलणे चालले आहे तो बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. 'आम्ही जेवायला बसतो' आणि 'आपण जेवायला बसू' या दोन वाक्यांत एका पानाचा फरक असतो, असे उदाहरण आम्ही वर्गात देतो. विद्यार्थी हसतात, लिहून घेतात आणि तास पुढे सरकतो. हिंदीला किंवा इंग्रजीला ही सोय नाही, मराठीला ती बहुधा द्राविडी भाषांच्या शेजारातून लाभली, हेही जाता जाता सांगून होते. सांगायचे राहते ते एवढेच, की लहानपणी आमच्या तोंडी आणखी एक भाषा होती आणि तिच्यात या दोन्ही अर्थांसाठी एकच शब्द होता : 'आवा'. योरुबा भाषेतला. त्या शब्दात कोण आत आहे आणि कोण बाहेर, हे कळण्यासाठी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागे.

प्रस्तुत लेख त्या शब्दाविषयी आहे, आणि ज्या घरात आम्ही तो शिकलो त्या घराविषयी. येथले 'आम्ही' हे संपादकीय अनेकवचन नव्हे. आम्ही जुळ्या बहिणी आहोत आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. हे टिपण सुट्टीत एकत्र बसून लिहिले आहे. त्यातली कोणती आठवण कोणीची, हे आता आम्हालाही वेगळे काढता येत नाही. आणि ज्या प्रसंगासाठी हा सगळा खटाटोप केला, त्यात तर दोघींचा वाटा अगदी सारखा आहे.

नायजेरियाने १९७६ साली सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना सुरू केली. ते दिवस तेलाच्या पैशाचे होते. १९७९ मध्ये लष्करी राजवट संपून लोकनियुक्त सरकारे आली, तेव्हा पश्चिमेकडच्या राज्यांनी माध्यमिक शिक्षणही मोफत केले. शाळा एकाएकी वाढल्या, शिक्षक अपुरे पडू लागले आणि ते परदेशांतून, विशेषतः घाना आणि भारतातून, बोलावले गेले. तालुक्याच्या गावी गणित आणि पदार्थविज्ञान शिकवणारे आमचे वडील, अण्णा, त्या लाटेत १९८१ साली ओगुन राज्याच्या राजधानीत, अबेओकुता येथे पोहोचले. सोबत आई आणि तीन वर्षांच्या आम्ही दोघी.

अबेओकुता म्हणजे 'खडकाखाली'. गावाच्या मधोमध ओलुमो नावाचा प्रचंड काळा खडक आहे. योरुबा राज्यांमधल्या यादवीत उद्ध्वस्त झालेल्या एग्बा लोकांनी १८३० च्या सुमारास त्याच्या आडोशाला येऊन हे गाव वसवले. निर्वासितांनी वसवलेल्या गावात आणखी चार माणसांना जागा मिळणे अवघड नसावे. गंजलेल्या तांबूस पत्र्यांची छपरे, त्यांच्या मधून जाणारे लाल मातीचे रस्ते आणि संध्याकाळी घरोघरी तापणाऱ्या पामतेलाचा वास, एवढे आजही डोळे मिटले की हजर होते. पुष्कळ पुढे, मराठी वृत्तपत्रांचा इतिहास शिकवताना, 'इवे इरोहिन' हे योरुबा वृत्तपत्र १८५९ साली याच गावातून निघाले होते असे वाचनात आले, तेव्हा 'दर्पण'कारांची आठवण झाली. लहानपणी मात्र त्या गावाला इतिहास असेल असे आमच्या स्वप्नातही नव्हते. गावाला कुंपण होते आणि कुंपणाला एक भगदाड होते, एवढे आमच्या दृष्टीने पुरेसे होते.

भगदाडाच्या पलीकडे ते कुटुंब राहत असे. घरचे यजमान रेल्वेत कारकून होते. त्यांना सगळे 'बाबा' म्हणत. त्यांच्या पत्नीला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने, 'अमक्याची आई' अशी हाक मारीत. आमच्याकडे जुन्या पिढीत 'बंड्याची आई' म्हणत असत, अगदी तसेच. आम्ही नुसते 'इया' म्हणत असू, म्हणजे आई. बाबांची आई ती 'इया आग्बा', म्हातारी आई. पाच मुले, बाबांचा एक अविवाहित भाऊ, दूरच्या नात्यातली एक मुलगी आणि अधूनमधून महिना-महिना राहून जाणारे गावाकडचे कोणी ना कोणी. या घरात कुटुंब कोठे संपते आणि पाहुणे कोठे सुरू होतात, ते आम्हाला सहा वर्षांत उमगले नाही.

आम्ही त्या घरात शिरलो ते आईच्या आजारपणामुळे. पहिल्याच पावसाळ्यात तिला मलेरियाने गाठले, बरे वाटले की पुन्हा ताप येई. अण्णा दिवसभर शाळेत. एका सकाळी इया भगदाडातून आली, आम्हा दोघींकडे पाहिले आणि दोन्ही हात कपाळाला लावून हसू लागली. जुळ्या! योरुबा समाजात जुळ्यांच्या जन्माचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे आणि जुळी मुले हे तिथे घराचे भाग्य. त्यांची नावे ठेवावी लागत नाहीत; ती ठरलेलीच असतात. आधी जन्मते ते ताइवो आणि मागून येते ते केहिंदे. इयाने आईला खुणांनी विचारले, आधी कोण? आईने बोट दाखवले. त्या क्षणी आमचे बारसे झाले. आईचेही झाले, ती 'इया इबेजी', म्हणजे जुळ्यांची आई झाली. पुढे बाजारात भाजीवाल्या तिच्या मापावर एक मूठ जास्त टाकीत. आईला ते का, हे कळत नसे. स्वतःच्या देशात तिला जुळ्या मुलींबद्दल 'दोन्ही मुलीच का?' एवढाच प्रश्न विचारला गेला होता.

या बारशात एक गंमत होती. योरुबा समजुतीप्रमाणे मागून येणारे केहिंदे हे थोरले. ते आत थांबून ताइवोला पुढे धाडते, जग राहण्याजोगे आहे का ते बघून ये म्हणून. धाकट्याला निरोप घेऊन पाठवायचे, थोरल्याने मागून यायचे, रीतच ती. त्यामुळे कुंपणाच्या अलीकडे आमच्यातली एक थोरली होती आणि पलीकडे दुसरी. अलीकडे जिला 'लहान आहे ती, तिला दे' म्हणून खाऊ आधी मिळे, तिला पलीकडे थोरलेपणाचा मान मिळे. आमच्यातली कोणीही कायमची धाकटी राहिली नाही. याचे श्रेय आम्ही त्या कुंपणाला देतो.

आईचा ताप गेला, पण आमचे जाणे सवयीचे झाले. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत आम्ही पलीकडे असू. भाषा कधी आली ते आठवत नाही. ती अंगावरच्या धुळीसारखी आली. योरुबात सर्वनामांना लिंग नाही. 'तो', 'ती', 'ते' सगळ्यांना एकच 'ओ'. भावंडांना हाक मारताना भाऊ की बहीण हे कळत नाही, थोरले असेल तर 'एग्बॉन', धाकटे असेल तर 'आबुरो', एवढेच कळते. उलट वडीलधाऱ्यांना एकवचनी संबोधणे महापाप. आमच्या 'तुम्ही'सारखे तिथेही आदरार्थी बहुवचन आहे. त्यामुळे मराठी घरातून आलेल्या आम्हाला त्या घरची पायरी चढताना ठेच लागली नाही. सकाळी मुलगे वडीलधाऱ्यांपुढे लोटांगण घालीत, मुली गुडघे टेकीत. आम्हीही टेकत असू. ही एक गोष्ट आईला मनापासून आवडे. 'संस्कार आहेत हो त्यांच्यात' असे ती अण्णांना म्हणाल्याचे आठवते. तिच्या आवाजात आश्चर्य होते, आणि त्या आश्चर्याचा अर्थ आम्हाला फार उशिरा कळला.

त्या भाषेत काम करणाऱ्याला अभिवादन आहे, नुसत्या बसलेल्यालाही आहे, संकटातून सुटलेल्याला आहे. कोणी ठेचकाळले तर पाहणारा 'पेले' म्हणतो. त्या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. तुला लागले, ते मला दिसले, इतका त्याचा अर्थ. आपल्याकडे 'बघून चालावं' म्हणतात.

इया इतोकूच्या बाजारात कापड विकत असे. इया आग्बा तरुणपणी स्वतः आडिरे करी. पिसाने कापडावर कसाव्याच्या खळीची नक्षी काढायची, वाळवायची, नीळीच्या रांजणात पुन्हा पुन्हा बुडवायची. खळीखालचा भाग पांढरट राहतो. अबेओकुताच्या बायकांचा हा पिढीजात उद्योग. आमच्या वेळी म्हातारीचे हात चालत नसत, पण नखांच्या कडांना निळा रंग कायमचा बसला होता. १९४७ नंतरच्या काळात बाजारातल्या बायकांनी त्यांच्यावर लादलेल्या कराविरुद्ध राजवाड्यावर मोर्चे नेले, फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांच्या नेतृत्वाखाली त्या इतक्या नेटाने लढल्या की १९४९ च्या जानेवारीत राजाला, म्हणजे आलाकेला, गादी सोडून जावे लागले. इया आग्बा त्या बायकांत होती असे घरात सांगत. ती स्वतः त्याबद्दल विचारले की फक्त नखे दाखवी.

रात्री वीज गेली की तीच गोष्टी सांगे. ती 'आलॉ ओ!' अशी साद घाली आणि सगळी मुले 'आलॉ!' म्हणून ओरडत. मराठी कानांना ते 'आलो' असेच ऐकू येई. आई कुंपणापलीकडून विचारी, 'कोण आलं गं?' मग इजापा नावाच्या कासवाची गोष्ट सुरू होई. लबाड, अधाशी, शेवटी स्वतःच्याच लबाडीत सापडणारे कासव. आमच्या कोल्ह्याचा तो सख्खा भाऊ होता.

खाण्याचा प्रश्न मात्र होता. आई शाकाहारी, आणि 'तिकडे काही खायचं नाही' हा तिचा दंडक. इयाला तो ठाऊक होता आणि तिने तो आपल्या परीने पाळला. आम्हाला मांस कधी वाढले नाही. चवळीच्या भिजवलेल्या डाळीचा तळलेला आकारा, पानात वाफवलेले मोइनमोइन, तळलेल्या केळ्यांचा डोडो. मोइनमोइनमध्ये वाळवलेल्या कोळंबीची पूड असते. इयाच्या मते ते मांस नव्हे, मसाला होता. जुळ्यांच्या नावाने चवळी शिजवून गल्लीतल्या पोरांना जेवू घालण्याची रीत आहे. तशी ती वर्षातून एकदा आमच्यासाठीही घाली. आम्ही दोघी मधोमध बसत असू, सगळी मुले एकाच मोठ्या भांड्यातून जेवत. घरी येऊन आम्ही आईला सांगत असू, काही खाल्ले नाही. मग आईच्या हातचा वरणभातही खात असू. आमची बाळसेदार अंगे हा अण्णांना पडलेला एकमेव न सुटणारा प्रश्न होता.

हे सगळे गोड आहे, आणि म्हणूनच थोडे थांबायला हवे. एम. ए. झाल्यानंतर आमच्या हाती वोले सोयिंकांचे 'आके : द इयर्स ऑफ चाइल्डहुड' हे १९८१ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक आले. सोयिंका अबेओकुताचे, त्यांचे बालपण तिथल्या आके या भागातल्या मिशनच्या आवारात गेले. १९८६ च्या ऑक्टोबरात त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा आम्ही त्याच गावात, आठ वर्षांच्या होतो. आमच्या आठवणीत त्या दिवसाचा बाबांचा मोठ्याने लावलेला रेडिओ आहे. पुस्तक वाचताना पानापानावर ओळखीचे वास आले. पण त्यात एक प्रसंग आहे. वडिलांच्या गावी, वडीलधाऱ्यांपुढे लोटांगण घालायला लहानगा वोले नकार देतो. देवापुढे मी असा आडवा होत नाही, तर तुमच्यापुढे का व्हावे, असा त्याचा सवाल आहे. आम्हाला ज्या रिवाजाचे इतके कौतुक होते, तो त्या घरच्या मुलाला जाचक वाटला होता. पाहुण्याच्या तोंडाला घरची सगळीच चव गोड लागते, कारण त्याला कोणी पाणी भरायला पाठवत नाही.

तसे पाठवलेली एक होती. दूरच्या नात्यातली ती मुलगी आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. ती पहाटे उठून पाणी आणी, डोक्यावर परात घेऊन आकारा विकून येई आणि मगच, जमले तर, शाळेत जाई. बाबांच्या मुलांना छडी बसे, तशी तिलाही बसे, थोडी जास्त. आम्हाला कधीच बसली नाही. गोष्टीच्या वेळी इया आग्बाच्या शेजारची चटईवरची जागा आमची असे. ती पूर्वी त्या मुलीची होती, हे आम्हाला माहीत होते.

अलीकडे, आमच्या घरात, 'आपण' या शब्दाची एक वेगळी व्याप्ती होती. १९८३ च्या जानेवारीत नायजेरियाच्या सरकारने परवान्याविना राहणाऱ्या परकीयांना देश सोडायला सांगितले. लाखो घानावासी निघाले. आमच्या कोपऱ्यावरचा घानाचा शिंपी चौकटीच्या नक्षीची मोठी पिशवी डोक्यावर घेऊन गेला. त्या पिशव्यांना तेव्हापासून 'घाना मस्ट गो' हेच नाव पडले. त्या रात्री आई म्हणाली, 'उद्या आपल्यालाही जा म्हणतील.' त्या 'आपण'मध्ये चार माणसे होती. दुसऱ्या दिवशी पलीकडे इया शिंप्याच्या रिकाम्या दुकानाकडे पाहत म्हणाली, आता 'आवा' कपडे कोणाकडून शिवणार? त्या 'आवा'मध्ये किती माणसे होती ते मोजणे शक्य नाही. आम्ही होतो, हे नक्की.

आता तो प्रसंग. १९८५ चा पावसाळा. आम्ही सात वर्षांच्या. इया आग्बाच्या पत्र्याच्या ट्रंकेत आडिरेच्या एका तुकड्यात गुंडाळलेली वीतभर उंचीची लाकडी मूर्ती होती. अंगाने प्रौढ माणसासारखी, डोके मोठे, आणि चेहरा झिजून झिजून गुळगुळीत झालेला. नाक-डोळे बोटांनाच कळत, डोळ्यांना नाहीत. म्हातारी दर रविवारी पांढरा लेसचा झगा घालून चर्चमध्ये जाई. पण कधीतरी दुपारी घर निजलेले असताना ती ही मूर्ती काढी, धुई, तेल लावी, तांबड्या लाकडाची पूड तिच्या अंगावर चोळी आणि थोडा वेळ मांडीवर घेऊन बसे. तिने आम्हाला सांगितले होते : हा ताइवो. हा आधी आला आणि आधीच गेला. मागून आलेला केहिंदे म्हणजे आमचे बाबा. आम्हाला त्यात काही विचित्र वाटले नाही. आमच्यातल्या एकीचे नावच ताइवो होते.

त्या दुपारी आम्ही हट्ट धरला. म्हातारीने हसून मूर्ती आमच्यातल्या एकीच्या पाठीला, बाळ बांधतात तशी कापडाने बांधून दिली. आम्ही अंगणात मिरवू लागलो आणि मिरवता मिरवता भगदाडातून अलीकडे आलो. आई दारात होती. तिला दिसले ते असे : मुलीच्या पाठीला बांधलेले, तेलाने माखलेले, तांबडे फासलेले लाकडी बाहुले. तिने कापड ओढले, ते बाहुले हिसकावले आणि कुंपणापलीकडच्या गटारात फेकले. करणी, जादूटोणा, काय काय शब्द तिच्या तोंडून आले. एरवी ती कधी ओरडत नसे.

इया आग्बा पावसाच्या चिखलातून हळूहळू आली. वाकली. मूर्ती उचलली, आपल्या झग्याला पुसली. मग आईकडे वळून, अजिबात आवाज न चढवता, तीन शब्द बोलली : 'ओमो मी नि.'

आईने आम्हाला विचारले, 'काय म्हणते ती?'

त्या अंगणात दोन्ही भाषा येणाऱ्या फक्त आम्ही होतो. इया बाजारात होती, अण्णा शाळेत. वाक्य अवघड नव्हते. सात वर्षांच्या मुलीला त्याचे भाषांतर येत होते. आम्ही एकमेकींकडे पाहिले. मेलेल्या मुलाची मूर्ती आहे असे आईला कळले, तर भगदाड बुजवले जाईल, हे आम्हाला एकाच वेळी सुचले. आम्ही म्हणालो, 'काही नाही. बाहुली आहे म्हणते.'

आई घरात गेली. म्हातारी काही वेळ तिथेच उभी होती. तिला मराठी येत नव्हते. पण तिच्या तीन शब्दांचे किती शब्द झाले आणि ऐकणारीच्या चेहऱ्यावर काय उमटले, हे तिने पाहिले असणार. तिने घरात ही गोष्ट कोणाला सांगितली नसावी, कारण इयाच्या वागण्यात काडीचाही फरक पडला नाही. आमचे जाणेयेणे चालू राहिले. चवळी शिजली, गोष्टी झाल्या. ट्रंक मात्र आमच्यादेखत पुन्हा उघडली नाही.

१९८६ च्या सप्टेंबरात नायजेरियाच्या सरकारने चलनाचा विनिमयदर बाजारावर सोडला आणि नायरा कोसळला. घरी पाठवायच्या पैशाला अर्थ उरला नाही, परदेशी शिक्षक परतू लागले. १९८७ मध्ये आम्हीही निघालो. निघताना इयाने आईला आडिरेची दोन पाने दिली आणि मिठी मारली. आईने आयुष्यात प्रथमच घराबाहेरच्या कोणाला तशी मिठी मारली असावी. इया आग्बा खुर्चीवर बसून होती. आम्ही गुडघे टेकले. तिने दोघींच्या डोक्यावर हात ठेवला आणि ताइवो, केहिंदे अशी नावे घेतली, ताइवोचे नाव दोनदा. ते म्हातारपणामुळे, असे आम्ही त्या वेळी ठरवले.

गावाकडच्या शाळेत पहिल्याच दिवशी मुलांनी विचारले, सिंह पाहिला का? आम्ही सहा वर्षांत शेळ्या, सरडे आणि वटवाघळे यांपलीकडे काही पाहिले नव्हते. आम्ही म्हणालो, पाहिला. मग विचारले, ती माणसे कशी असतात? आणि आम्ही त्यांना हसू येईल असे काहीबाही सांगितले. पहिल्या खोट्या भाषांतरानंतरची भाषांतरे सोपी जातात. ऐकणाऱ्याला काय हवे ते ओळखावे आणि ते द्यावे. योरुबा वर्षा-दोन वर्षांत पुसली गेली. १९९१ मध्ये इयाच्या थोरल्या मुलाचे पत्र आले : इया आग्बा गेली. आम्ही शाळेतल्या इंग्रजीत सांत्वनाचे पत्र लिहिले. त्यात सगळे होते, ते एक वाक्य सोडून.

२००७ साली विद्यापीठाच्या ग्रंथालयात आफ्रिकी कलेवरचे एक जाड पुस्तक चाळताना आम्हाला ते पान सापडले. ओळीने मांडलेल्या तशाच मूर्ती, तसेच झिजलेले चेहरे. त्यांना 'एरे इबेजी' म्हणतात. जुळ्यांतले एक मूल गेले की आई मूर्ती करवून घेते. जिवंत भावंडाबरोबर तिलाही धुते, भरवते, पाठीला बांधते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुण्यापुसण्याने चेहरा गुळगुळीत होतो. मूर्ती जितकी झिजलेली, तितकी माया झालेली. पानाची झेरॉक्स घेऊन आम्ही घरी आलो. आई देवपूजा करीत होती.

येथे आमच्या देव्हाऱ्याविषयी सांगणे भाग आहे. त्यात चांदीचे चार टाक आहेत. त्यांतला एक पणजोबांच्या पहिल्या पत्नीचा. विशीच्या आत, पहिल्या बाळंतपणात गेलेल्या एका मुलीचा. सासूने आईला दिलेला. नायजेरियाला जाताना आईने ते टाक कापसात गुंडाळून नेले होते आणि सहा वर्षे रोज रांगोळीने घासून, न्हाऊ घालून, कुंकू लावून पूजले होते. तिच्या ट्रंकेत चार मराठी पुस्तके होती, त्यांत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' होती. सोवळेओवळे कसे एकेक गळून पडले याची ती हकिकत आई आम्हाला तिकडे कितीदा वाचून दाखवी आणि दाद देई. त्या टाकावरचा चेहरा आम्हाला कधी दिसला नाही. धुऊन धुऊन तो केव्हाच गुळगुळीत झाला होता.

आम्ही आईला चित्र दाखवले आणि बावीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हणालो, ती म्हणत होती, हे माझं लेकरू आहे. आईने चष्मा लावून पान बराच वेळ पाहिले. आम्हाला वाटले ती म्हणेल, मला काय माहीत, परका देश, परकी माणसे. तसे ती म्हणाली नाही. ती म्हणाली, 'तेव्हा सांगितलं असतंत तर मी जाऊन तिचे पाय धरले असते.' थोड्या वेळाने म्हणाली, 'तुम्हाला कळत होतं ना?'

कळत होते. इतकी वर्षे आम्ही ही गोष्ट, मनातल्या मनात का होईना, आईच्या अज्ञानाची गोष्ट म्हणून सांगत आलो होतो. आडमुठी मराठी बाई आणि समंजस योरुबा म्हातारी. मध्ये दोन निष्पाप मुली. अशा मांडणीला वर्गात सहज टाळ्या पडतात. पण आईने पाय धरले असते की भगदाड बुजवले असते, हे ठरवण्याची संधी तिला मिळालीच नाही. ती आम्ही ठेवून घेतली. आईला 'ते' कोण हे पक्के ठाऊक होते, म्हातारीलाही असेल. 'आवा' आणि 'आपण' ही दोन्ही माणसे एका वाक्यात आणण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांनी 'आम्ही' एवढेच वाचवले.

आई जाऊन आता तीन वर्षे झाली. टाक आमच्यातल्या एकीकडे आहेत. कोणीकडे, म्हणजे थोरलीकडे की धाकटीकडे, हे कुंपणाच्या कोणत्या बाजूने पाहावे त्यावर अवलंबून आहे. योरुबातले आता पंधरा-वीस शब्द उरले आहेत; 'आवा' आहे, 'पेले' आहे, गोष्टीची साद आहे. पूर्ण वाक्य म्हणावे असे एकच आहे, तीन शब्दांचे. त्याचा उच्चार बरोबर आहे का, हे विचारायला ओळखीचे कोणी नाही.